मयतीच्या अर्धा तास आधी

नांद्यात भाड्याने घर मिळवण्यासाठी मला एका परक्या पुरुषाची छाती दाबावी लागली, तीही नवऱ्यादेखत. आम्ही लातूरहून नुकतेच आलो होतो. नोकरी दोघांचीही हिंजवडीत आणि हिंजवडीत राहण्याची ऐपत दोघांचीही नाही, म्हणून घर शोधत शोधत पलीकडच्या नांदे गावापर्यंत पोचलो होतो. तिथे एका तीन मजली पिवळ्या इमारतीच्या ओट्यावर पांढरा सदरा, पांढरी विजार आणि गळ्यात शिट्टी अशा थाटात एक गृहस्थ बसले होते. हेच घरमालक, सोपानआण्णा. गाव कुठलं, जात कुठली, मटण खाता का, या प्रश्नांची उत्तरं आम्ही वाटेत पाठ केली होती. आण्णांनी त्यातलं एकही विचारलं नाही. ते आत गेले, कमरेखाली काहीच नसलेला आणि हातही नसलेला एक रबरी माणूस काखोटीला मारून बाहेर आले, त्याला ओट्यावर उताणा केला आणि मला म्हणाले, "दाबा."

मी नवऱ्याकडे बघितलं. नवरा म्हणाला, "काय दाबायचं?"

"छाती. ह्यो मानूस पडलाय, श्वास बंद हाय. काय करनार तुमी?"

"ॲम्ब्युलन्स बोलावू."

"बोलावली. ती हिंजवडीच्या चौकात अडकलीया. ती येस्तवर काय करनार, भजन?"

मी गुडघे टेकले. आण्णांनी माझे हात छातीच्या मधोमध एकावर एक ठेवले, कोपरं ताठ करायला लावली आणि स्वतः शेजारी बसून टाळ्यांचा ठेका धरला. मला घाम फुटल्यावर नवऱ्याला बसवलं. तोही धापा टाकायला लागला तेव्हा म्हणाले, "बास. खोली वरच्या मजल्यावर हाय. मटन खावा, कितीबी वाजता या, माझं काय म्हननं न्हाई. पर हितं ऱ्हायचं तर छाती दाबता आली पायजे. उद्या मी जिन्यात पडलो तर तुमी काय माझ्यावरनं उडी मारून हापिसात जानार?"

खरं सांगायचं तर त्या दिवशी तसंच काहीसं केलं असतं, इतका तो माणूस मला विचित्र वाटला होता. पण घर हवेशीर होतं.

रबरी माणसाचं घरातलं नाव पाव्हणा. तो बाहेरच्या खोलीत दिवाणावर पडलेला असायचा. आण्णांच्या बायकोला, हिराकाकूंना, त्याचा मनापासून कंटाळा होता. "आला तो ऱ्हायलाच," त्या म्हणायच्या. "जेवत न्हाई येवढाच काय तो उपकार." तरी खंडेनवमीला घरातली विळी, कोयता, ट्रॅक्टर यांच्यासोबत पाव्हण्याचीही पूजा व्हायची. पहिल्या वर्षी काकूंनी त्याच्या छातीवर डाव्या अंगाला हळदकुंकू लावलं, कारण काळीज डावीकडे असतं हे त्यांना पक्कं माहीत होतं. ते कुंकू रबरात मुरलं. पुढे गावातले लोक सरावाला आले की नेमके त्या कुंकवावर हात ठेवून दाबायचे. आण्णांनी घासलं, रॉकेल लावलं, काही निघेना. शेवटी त्यांनीच मधोमध दुसरं मोठं कुंकू लावलं आणि सगळ्यांना सांगितलं, "धाकट्या कुकवाकडं बगायचं न्हाई. थोरलं दाबायचं."

आण्णांची भेटण्याची तऱ्हा वेगळी होती. रामराम करून ते हात हातात घ्यायचे आणि दोन बोटं हळूच मनगटावर सरकवायची. समोरचा मुलाच्या लग्नाचं सांगतोय आणि आण्णा मान डोलावत त्याची नाडी मोजताहेत. समोरच्या टॉवरना पाणी पुरवणाऱ्या टँकरचा ड्रायव्हर मुन्ना बिहारचा होता. आण्णा वैद्य आहेत असा त्याचा बरेच महिने समज होता आणि तो रोज टँकर थांबवून खिडकीतून हात बाहेर काढायचा. लग्नात अक्षता पडताना आण्णांची नजर नवरानवरीवर नसे, नवरीच्या बापावर असे. "ह्या वक्ताला बाप पडत्यात," ते मला म्हणाले होते. जेवणाच्या पंगतीत भराभरा खाणाऱ्याच्या बरोबर मागे जाऊन उभे राहायचे, म्हणजे घास अडकला तर पाठीत घालायला बरं. त्यामुळे लोक आण्णांना आमंत्रण द्यायचे, पण जेवताना भिंतीला पाठ लावून बसायचे.

कुठलीही तक्रार घेऊन गेलं की त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "श्वास हाय ना? मग बाकीचं बगू." नळाला पाणी नाही, श्वास हाय ना. माझ्या नवऱ्याची नोकरी गेली तेव्हाही आण्णांनी हेच सांगितलं. नवऱ्याला राग आला, पण त्या महिन्याचं भाडं मागायला कुणी आलं नाही.

तरी आण्णा काही साधुपुरुष नव्हते. बायपासच्या कडेची जमीन विकून आलेला पैसा अंगावर दिसत होता आणि फ्लेक्सची हौस त्यांना गावातल्या कुणाहून कमी नव्हती. चौकात त्यांचा एक बोर्ड होता. त्यात काळा गॉगल, गळ्यात स्टेथोस्कोप, मागे उगवता सूर्य, आणि वर लिहिलेलं "जीवनरक्षक". स्टेथोस्कोप त्यांना वापरता येत नव्हता. मी एकदा तसं म्हटलं तर म्हणाले, "मॅडम, गॉगल तरी कुटं वापरतो मी? बोर्डासाठी असतं ते."

हे वेड त्यांच्या धाकट्या भावामुळे लागलं. पांडुरंग त्याचं नाव. भर दुपारी तो आण्णांच्या दारातच कोसळला. आण्णांनी हाका मारल्या, फोन लावले. कुणी म्हणालं आवरून येतो, कुणी विचारलं आधी डॉक्टरला दाखवलं का. ॲम्ब्युलन्स निघाली होती, ती गर्दीत अडकली. आण्णांना हा प्रसंग सांगताना रडू येत नसे, संताप येई. "मी काय केलं सांगू? तळपाय चोळत बसलो. मला तेवढंच येत हुतं. भाऊ मरतोय आन मी तळपाय चोळतुया." आणि दुसऱ्या दिवशी मयतीला नांदे, चांदे, कासारसाईपर्यंतची माणसं. गाड्या लावायला जागा उरली नाही. दशक्रियेला घाटावर भाषणं झाली, पांडुरंग कसा देवमाणूस होता ते त्याला न ओळखणाऱ्यांनीही सांगितलं. आण्णा त्या गर्दीकडे बघत बसले होते. "मला वाटलं, आरं, येवढी मानसं हायेत की आपल्याकडं. मग काल कुटं हुती?"

त्यांचं सगळं मागणं यातून निघालं होतं आणि ते त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. "मयतीला येनारच हायेत. न्हाई कोन म्हनतंय? फकस्त अर्धा तास आधी या."

म्हणून आण्णांनी "जीवनरक्षक दल" काढलं. शहरातल्या एका डॉक्टरबाई येऊन शिकवायच्या. प्रशिक्षणाच्या तीन पातळ्या होत्या. पहिलीला प्रमाणपत्र, दुसरीला गळ्यात घालायचं ओळखपत्र आणि तिसरीला चमकणाऱ्या पट्ट्यांचं नारिंगी जॅकेट. जॅकेट बघितल्यावर गावात आरोग्याविषयी कमालीची जागृती झाली. जो तो तिसऱ्या पातळीच्या मागे लागला. लवकरच ती जॅकेटं यात्रेत, बैलगाड्यांच्या शर्यतीत, लग्नाच्या पार्किंगमध्ये दिसायला लागली. एका जीवनरक्षकाने तर जॅकेट घालून प्लॉट दाखवण्याचा धंदा सुरू केला, कारण गिऱ्हाईकाला त्यात सरकारी माणूस दिसायचा. बायकांमध्ये दुसरी पातळी पार केलेल्या एकट्या सुनंदावहिनी. समोर त्यांची एकट्या राहणाऱ्या नोकरदार पोरांसाठी खानावळ होती. त्यांना तिसऱ्या पातळीला बसायचं होतं, पण जॅकेटं फक्त पुरुषांच्या मापाची आल्यामुळे तो विषय पुढच्या वर्षावर ढकलला गेला.

प्रशिक्षण सकाळी दहाला सुरू व्हायचं, म्हणजे दहाला सतरंजी टाकली जायची. मग प्रमुख पाहुण्यांची वाट. मग दीपप्रज्वलन, मग सत्कार. ज्यांचा सत्कार राहिला ते रुसायचे, त्यांना स्टेजवर बोलावून पुन्हा सत्कार. एकदा एक पुढारी शाली घालण्याच्या इतके भरात आले की ओळीत शेवटी ठेवलेल्या पाव्हण्यालाही त्यांनी शाल घातली. नारळ द्यायला हात दिसेनात तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, पण फोटो निघाला होता आणि तो दुसऱ्या दिवशी सगळीकडे फिरलाही. डॉक्टरबाई कोपऱ्यात घड्याळ बघत उभ्या असायच्या. "जेवणाआधी मला थोडा तरी वेळ द्या," असं त्या आण्णांना दरवेळी सांगायच्या. जेवणानंतर पाव्हण्याजवळ आण्णा, सुनंदावहिनी आणि सतरंज्या गोळा करणारे तेवढे उरायचे.

आमच्या नोकरदार मंडळींनी याला हसू नये. समोरच्या टॉवरवाल्यांनीही एक पथक काढलं होतं. त्याला इंग्रजी नाव होतं, बोधचिन्ह होतं आणि प्रशिक्षण ऑनलाइन होतं. सगळ्यांचे कॅमेरे बंद. त्यांनी वर्गणी काढून हृदयाला शॉक देण्याचं यंत्रही आणलं, ते क्लब हाऊसच्या कपाटात कुलूप लावून ठेवलं आणि कुलपाची किल्ली मॅनेजरकडे दिली. मॅनेजरला आधी मेल करायची.

जीवनरक्षक दलाचा मोबाइलवर ग्रुप होता. त्यात सकाळी फुलांचे फोटो आणि सुविचार येत. एका उन्हाळ्यात गिरणीवाले दगडूशेठ गिरणीतच चक्कर येऊन पडले. आण्णांनी ग्रुपवर टाकलं, "दगडू गिरणीत पडला. लगेच या." आणि स्वतः धावले. उन्हाचा त्रास होता. सावलीत आडवं करून, पाय वर ठेवून, पाणी मारल्यावर दगडूशेठ उठून बसले. ग्रुपवर तोवर अंगठे आले, जोडलेले हात आले, कुणी "काळजी घ्या" लिहिलं. एकाने घाईत काय वाचलं कोण जाणे, दगडूशेठचा फोटो शोधून त्याला हार घालून "भावपूर्ण श्रद्धांजली" टाकलं. मग पुढचे सगळे तेच टाकत गेले. दगडूशेठ गिरणीत बसून चहा पीत स्वतःला वाहिलेली श्रद्धांजली वाचत होते. आणि तेवढ्यात रस्त्याने माणसं यायला लागली. पांढऱ्या टोप्या, खांद्यावर टॉवेल, चेहरे पडलेले. चांद्याहूनसुद्धा आली. दगडूशेठना जिवंत बघून काहींना तर फसवल्यासारखं वाटलं.

आण्णा त्या गर्दीकडे बघत होते. नंतर ओट्यावर बसून मला म्हणाले, "बगितलं का? जित्या मानसाला अंगठा. मेल्याला अख्खं गाव."

"आण्णा, बरोबरच आहे ना. मयतीला गेलं नाही तर आपल्याकडे कोण येणार, ही भीती असते," मी म्हटलं.

"तेच तर," ते म्हणाले आणि विचारात पडले. ते विचारात पडले की हिराकाकूंना धडकी भरायची.

आण्णांचे चुलतभाऊ किसननाना भिंतीपलीकडे राहायचे. या दोघांत शेताच्या बांधावरून भांडण होतं. किती वर्षं ते दोघांनाही नीट सांगता येत नसे, पण बोलणं बंद होतं. काही सांगायचं झालं तर नाना भिंतीकडे तोंड करून म्हशीला सांगायचे. पावसाळ्यात एकदा नानांच्या अंगणातून त्यांच्या बायकोची हाक आली. आण्णा गेले तर नाना घामाने थबथबलेले, छातीवर हात, तोंडातून शब्द फुटेना. दारात गाडी नाही, चिखलातून उचलून रस्त्यापर्यंत न्यायला माणसं हवीत. आण्णांनी फोन काढला आणि ग्रुपवर तीन शब्द टाकले. "किसन गेला. या."

मी गॅलरीतून बघत होते. इतक्या वेगाने माणसं आलेली मी नांद्यात कधी पाहिली नव्हती. कुणी ट्रॅक्टर टाकून आलं, कुणी अर्ध्या दाढीने आलं, दगडूशेठ पिठासकट आले. चार गाड्या उभ्या राहिल्या. रडायचं तोंड करून आत शिरलेल्यांना आण्णांनी शिट्टी मारून कामाला लावलं. दोघांनी धरा, गाडी वळवा, दवाखान्यात फोन लावा. कुणाला काही कळायच्या आत नाना गाडीत होते. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, अगदी वेळेत आणलंत.

नाना बरे होऊन घरी आले. आण्णांना वाटलं, आता तरी बोलणं सुरू होईल. नानांनी भिंतीकडे तोंड केलं आणि म्हशीला सांगितलं, "वाचिवलं ते ठीक हाय. पर मला मारला पयला कोनी? ह्याच्या मनात काय हाय ते समद्या गावानं वाचलं." बांधाचं भांडण त्या दिवसापासून दुप्पट झालं.

आण्णांना मात्र युक्ती सापडली होती. पुढचे काही महिने नांद्यात माणसं पटापट मरायला लागली. विहिरीत घसरलेला मेला, दुचाकीवरून पडलेली मेली, खोबऱ्याचा तुकडा घशात अडकलेला आमचा पोस्टमनही मेला. सगळे तासाभरात जिवंत. गर्दी वेळेवर यायची आणि आलेल्यातले काहीजण हळूहळू खरंच कामाला हात लावायला लागले. आण्णांचा चेहरा त्या दिवसांत उजळला होता. मलाही बरं वाटायचं. पण खोटं बोलून गोळा केलेल्या माणसांचं पुढे काय होतं ते लवकरच दिसलं.

गावातली बायजाआजी वारली. पिकलं पान, सुखाने गेली, सगळ्या लेकीसुना जवळ होत्या. निरोप ग्रुपवर आला आणि जीवनरक्षक दल जॅकेटं घालून धावत आलं. त्यांना आतापर्यंत अशा निरोपावर कधी मेलेला माणूस भेटलाच नव्हता. आजीला आंघोळ घालून, नवं लुगडं नेसवून अंगणात ठेवलेलं. दलाने लेकीसुनांना बाजूला सारलं आणि छाती दाबायला सुरुवात केली. थोरल्या नातवाने एकाला मुस्काटात मारली तरी दुसरा मोजतच होता. आण्णा पोचेपर्यंत आजीच्या अंगणात मारामारी जुंपली होती.

त्यानंतर उलटं झालं. चांद्यात एकजण खरोखर गेला आणि मयतीला माणसंच आली नाहीत. सगळ्यांनी गृहीत धरलं की आण्णांचंच काहीतरी असेल. मग देवळात बैठक बसली. म्हातारी माणसं चिडली होती. मयतीचा मान गेला, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते मला पटलं. मरणाच्या बातमीवर विश्वास बसेनासा झाला तर गावात उरलं काय? आण्णांनी देवळात हात जोडून कबूल केलं की यापुढे जिवंत माणसाला मेला म्हणणार नाही. किसननाना मागे बसले होते. त्यांनी खांबाला सांगितलं, "सुरुवात माझ्यापासनं केली हुती."

त्या संध्याकाळी आण्णा पाव्हण्याला मांडीवर घेऊन ओट्यावर बसले होते. मला म्हणाले, "मॅडम, खोटं बोललं की येत्यात. खरं बोललं की अंगठा देत्यात. आता माझ्याकडं काय उरलं?" मी चहा करून आणला.

आणि मग ती दुपार आली. मी घरून काम करत होते, कानात ऑफिसची मीटिंग चालू होती. खालून शिट्टी वाजली. आण्णांची शिट्टी, पण आण्णांसारखी नाही, तुटक तुटक. खाली गेले तर शिट्टी हिराकाकूंच्या तोंडात होती आणि आण्णा ओट्यावर पाव्हण्याशेजारी पडले होते. पाव्हण्यावरची धूळ पुसायचं फडकं अजून हातात होतं. हाका मारल्या, खांदे हलवले, काही नाही. घशातून घरघर येत होती, तो श्वास नव्हता. मी ॲम्ब्युलन्सला फोन लावून स्पीकरवर ठेवला, गुडघे टेकले आणि थोरल्या कुंकवाची जागा आठवून दाबायला लागले.

"काकू, ग्रुपवर टाका," मी म्हटलं. "आण्णा गेले म्हणून टाका. सगळे धावत येतील."

काकूंनी आण्णांचा फोन हातात घेतला. आणि तशाच उभ्या राहिल्या.

"काकू, लवकर."

"न्हाई, ताई," काकू म्हणाल्या. "माझ्या तोंडनं त्ये न्हाई निगायचं." कपाळावरच्या कुंकवाला त्यांचा हात गेला होता. मग त्यांनी फोन तोंडाशी धरला आणि आवाजातच निरोप टाकला, "ह्यांना बरं न्हाई. या."

मला त्या क्षणी काकूंचा भयंकर राग आला. बरं नाही. एवढ्याने नांद्यात कोण येणार? फोन टिंगटिंग वाजायला लागला. काकू एकेक वाचून दाखवत होत्या, "हात जोडल्याती. काळजी घ्या म्हनत्यात. हात जोडल्याती." माझे दंड भरून आले होते. दारात बसून पांडुरंगाचे तळपाय चोळणारे आण्णा मला पहिल्यांदा खरोखर कळले. एका माणसाचे हात पुरत नाहीत, इतकी साधी गोष्ट होती.

मग भिंतीवरून धपकन कुणीतरी उडी मारली. किसननाना. ते कुठल्याही ग्रुपवर नव्हते, कुठल्याही पातळीवर नव्हते. "सरका," ते म्हणाले आणि माझ्या जागी बसले. भिंतीआडून त्यांनी आण्णांचे सगळे धडे वर्षानुवर्षं फुकट ऐकले होते. दाबता दाबता दातओठ खाऊन म्हणत होते, "मला मारलाय ह्यानं येकदा. असा सुटतो व्हय. असा सुटतो व्हय." ठेका अगदी बरोबर होता.

सुनंदावहिनी कणकेच्या हातांनी रस्ता ओलांडून आल्या आणि नाना दमल्यावर त्यांच्या जागी बसल्या. ॲम्ब्युलन्सचा माणूस फोनवर म्हणाला, रस्त्यात ट्रक आडवा आहे, पुढे येता येत नाही. तेव्हा फाटकात टँकर थांबला होता. मुन्नाने रोजच्यासारखा हात बाहेर काढला होता, नाडी बघायला कुणी येईना म्हणून तो उतरून आला. त्याने आण्णांना बघितलं आणि एवढंच म्हणाला, "मैं रास्ता खुलवाता हूँ." हॉर्न दाबून धरून त्याने टँकर पिटाळला. थोड्याच वेळात त्याच हॉर्नच्या मागे ॲम्ब्युलन्स आली. तिच्यातल्या माणसांनी शॉक दिला, परत दाबलं, परत दिला. आण्णांना घेऊन गाडी निघाली तेव्हा टॉवरमधला मॅनेजर यंत्र घेऊन फाटकात आला. त्याला कुणाची तरी सही हवी होती.

आण्णा वाचले. दवाखान्यात त्यांना बघायला मग अख्खं गाव लोटलं. जॅकेटं घालून मंडळी आली, पलंगाभोवती फोटो निघाले, शहाळ्यांनी कोपरा भरला. आम्ही त्यानंतर लवकरच बंगळुरूला गेलो, त्यामुळे आण्णांना मी शेवटचं बघितलं ते तिथेच, एका दुपारी, गर्दी ओसरल्यावर. ते फार बारीक दिसत होते. शिट्टी उशाशी होती.

"किसननं दोन बरगड्या मोडल्या," ते म्हणाले. "बांधाचा राग काढला." मग आवाज उतरला. "मॅडम, खरं सांगा. हिरानं खरा निरोप टाकला म्हनं. त्या वक्ताला किती जन आले?"

हाच प्रश्न येणार हे मला माहीत होतं आणि मी त्याला घाबरून होते. इतके सत्कार, इतकी जॅकेटं, चाळीसएक माणसांचा ग्रुप. आजारी माणसाला खोटं सांगावं असं क्षणभर वाटलं. पण खोट्याने आण्णांचं काय झालं ते मी पाहिलं होतं.

"चार," मी म्हटलं. "किसननाना, सुनंदावहिनी, मुन्ना आणि मी."

आण्णांनी बोटांवर एकेक नाव मोजलं. त्यांना वाईट वाटलं असणार असं समजून मी काही बोलायला गेले, तर त्यांनी हात वर केला.

"खांद्याला तरी किती लागत्यात?" ते म्हणाले. "चारच की." आणि मग, "मी येडा. गाव मागत बसलो."

किसननाना खिडकीशी स्टुलावर बसले होते. डबा घेऊन ते रोज यायचे, पण आण्णांशी बोलायचे नाहीत. इथे म्हैस नव्हती, म्हणून सलाइनच्या बाटलीला सांगायचे. आत्ताही ते बाटलीला म्हणाले, "जेवायचं असलं तर डबा उगडलाय."

आण्णांनी पलंगावरून हात लांब केला, नानांचं मनगट पकडलं आणि दोन बोटं नाडीवर ठेवली. नाना खिडकीबाहेर बघत राहिले. हात मात्र त्यांनी काढून घेतला नाही.